पाणी मोजकं असताना तेलबियांची कुठली पाळी राखायची?

वापसा

भुईमूग, करडई, सूर्यफूल, मोहरी, तीळ यांना "पाण्याच्या किती पाळ्या लागतात?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: दर दहा-बारा दिवसांनी एक. ज्याच्याकडे पाणी आहे त्याचं यावर भागतं. पण ज्याची विहीर तास-दोन तासांत उघडी पडते, ज्याच्या हातात सगळ्या हंगामाला मिळून दोन-तीन पाळ्या आहेत, त्याला हे उत्तर काय कामाचं? त्याला कळायला हवं की कुठली पाळी चुकली तर पीक सावरतं आणि कुठली चुकली तर हातचं जातं. त्यासाठी हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी तारीख बघून देऊ नका, पिकाची अवस्था बघून द्या. याला आकड्यांचा आधार आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये वेगवेगळ्या पिकांसाठी पाण्याच्या ताणाचे गुणांक प्रसिद्ध केले. पाण्याची तूट गुणिले गुणांक म्हणजे उत्पादनातली घट. त्यात भुईमुगाचा गुणांक शाखीय (फांद्या-पानांच्या) वाढीच्या काळात ०.२, फुलोऱ्यात ०.८, शेंगा पोसताना ०.६ आणि पक्व होताना पुन्हा ०.२ आहे. म्हणजे पिकाला हवं होतं त्याच्या निम्मंच पाणी वाढीच्या काळात मिळालं तर उत्पादन साधारण १० टक्के घटतं. तीच टंचाई फुलोऱ्यात आली तर ४० टक्के. पाणी तेवढंच कमी पडलं, पण नुकसान चौपट. सोयाबीनमध्ये सगळ्यात नाजूक काळ फुलोऱ्याच्याही पुढे, दाणे भरताना असतो. सूर्यफुलात तो फुलोऱ्यात, आणि दाणा भरताना थोडाच कमी.

भुईमुगाच्या बाबतीत तर सुरुवातीचा ताण फायद्याचा ठरतो. उगवण नीट झाल्यावर फुलं लागेपर्यंत पाणी हात राखून दिलं तर झाड नुसतं पाल्यावर जात नाही, मुळं खाली जातात आणि पुढे पाणी मिळाल्यावर फुलं एकदम, एकाच वेळी येतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत अशा सुरुवातीच्या ताणानंतर उत्पादन वाढल्याचं दिसलं आहे. आपण मात्र नेमकं उलट करतो. पीक लहान असताना विहिरीला पाणी असतं, म्हणून भरपूर देतो. आऱ्या (फुलातून निघून जमिनीत घुसणारे, टोकाला शेंग धरणारे देठ) सुटायच्या वेळेला विहीर तळाला गेलेली असते.

म्हणून पेरणीआधीच कागदावर लिहा: माझ्याकडे पाळ्या किती, आणि त्यातल्या फुलोरा ते दाणा भरणे या काळासाठी राखीव किती. पेरणीची ओल आणि या राखीव पाळ्या सोडून जे उरेल तेवढंच मधल्या काळात वापरायचं.

आपापल्या जमिनीचा अनुभव लिहा. जमीन हलकी की भारी हे सांगितल्याशिवाय सल्ला देऊ नका, ही विनंती.

हलकी जमीन

धागा वेळेवर आला. माझी मुरमाड जमीन, खाली फूटभरावर माती संपते. उन्हाळी भुईमूग आहे, फुलं दिसायला लागलीत. दुपारी पानं मिटतात, मग जीव राहत नाही आणि मोटर सुरू करतो. एकदा पाणी दिलं की वाफे गच्च भरतो, म्हणजे पुढचे आठ दिवस बघायला नको. पण पाचव्या दिवशी पुन्हा तेच. ताण कुठवर सहन होतो हे ओळखायचं कसं?

वापसा

दादा, आधी तुमच्या जमिनीचा हिशोब करू. रेताड-मुरमाड जमीन एक मीटर खोलीत पिकाला उपयोगी असं साधारण ६० मिलिमीटर पाणी धरते. मध्यम जमीन १४० आणि भारी काळी २००. तुमच्याकडे मीटरही नाही, फूटभर म्हणजे ३० सेंटिमीटर आहे. म्हणजे साठा झाला १८ मिलिमीटर. त्यातलं निम्मं संपलं की भुईमुगाला ताण जाणवू लागतो. उन्हात पीक रोज ५-६ मिलिमीटर पाणी उडवत असेल तर दोन दिवसांतच ती वेळ येते. पाचव्या दिवशी पीक कोमेजतं यात नवल नाही.

वाफे गच्च भरून काही साधत नाही. १८ मिलिमीटरच्या वर दिलेलं सगळं मुरमातून खाली जातं आणि सोबत खतही घेऊन जातं. तुम्हाला थोडं-थोडं आणि लवकर-लवकर हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी तुषार किंवा ठिबक. पाटाने १५ मिलिमीटर पाणी सगळीकडे सारखं बसवणं जवळजवळ अशक्य आहे.

ताण ओळखायची वेळ दुपार नव्हे, सकाळ. भुईमुगाची पानं दुपारी मिटतात ती स्वतःला वाचवण्यासाठी. संध्याकाळी उघडली तर काळजी नको. दिवस उगवताना बघा. तेव्हाही पानं मिटलेली, रंग काळपट-निळसर हिरवा, तर मात्र त्याच दिवशी पाणी हवं. सूर्यफूल तर ओल असतानाही भर उन्हात मान टाकतं, त्याला बघून मोटर सुरू केली तर पाणी कधीच पुरणार नाही.

पाणी किती खोल गेलं हे बघायला टोकदार लोखंडी सळई ठेवा. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी हाताने दाबायची. ओल्या मातीत सहज जाते, कोरडी लागली की अडते. तीन-चार ठिकाणी दाबली की शेताच्या वरच्या टोकाला पाणी जास्त आणि खालच्या टोकाला कमी बसलंय हेही कळतं.

आऱ्या

वापसा यांच्या म्हणण्याला +१, पण भुईमुगात अजून एक गोष्ट आहे जी ओलीच्या हिशोबात येत नाही. शेंगेला वरच्या थरातच ओल लागते.

कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुळाकडून पानाकडे, म्हणजे वरच्या दिशेनेच जातं. पानात गेलेलं परत खाली येत नाही. शेंग तर जमिनीत, ती पानासारखं पाणी उडवत नाही, त्यामुळे मुळाने घेतलेलं कॅल्शियम तिच्यापर्यंत पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. तिला ते टरफलातून, आजूबाजूच्या मातीतून थेट शोषावं लागतं. आणि माती कोरडी असेल तर शोषणार काय? म्हणून असं होतं की मुळं खाली ओलीत आहेत, झाड वरून हिरवंगार आहे आणि उपटल्यावर निम्म्या शेंगा पोचट निघतात. लोक बियाण्याला दोष देतात.

त्यामुळे आऱ्या जमिनीत घुसायला लागल्यापासून दाणा धरेपर्यंत वरचा चार बोटांचा थर कोरडा ठणठणीत होऊ द्यायचा नाही. भारी पाणी नको, पण थर ओलसर हवा. जिप्सम (त्यातून कॅल्शियम मिळतं) एकरी ८० ते १०० किलो आऱ्या सुटताना झाडाच्या बुंध्याजवळ, आणि ते विरघळेल असं हलकं पाणी त्यावर. कोरड्यात टाकलेलं जिप्सम नुसतं पडून राहतं. घट्ट झालेल्या मातीत आरी घुसतही नाही, वरच वाळते. एखादं झाड हलकेच उचलून बघा, टोकं करपलेल्या आऱ्या लोंबत असतील तर पाणी द्यायला उशीर झालाय.

काळी कसदार

भुईमुगावरच सगळं चाललंय. पाणी खरोखरच एक-दोन पाळ्यांचं असेल आणि जमीन भारी असेल तर भुईमुगाच्या मागे लागू नका, करडई घ्या, असं माझं ठाम मत आहे. करडईचं सोटमूळ दीड-दोन मीटर खाली जातं. वरचा हिशोब लावा: भारी जमिनीत दीड मीटरला ३०० मिलिमीटर साठा, आणि करडई त्यातला ६० टक्के वापरेपर्यंत कुरकुरत नाही. म्हणजे १८० मिलिमीटर तर जमिनीतच आहे.

पण करडईला पाणी देण्यात एक धोका आहे, आणि तो न कळल्याने उभं पीक वाळतं. काळी जमीन सुकली की भेगाळते. भेगा रुंद झाल्यावर पाणी सोडलं की ते मुळांना भिजवण्याऐवजी भेगांतून खोल जातं. एका पाळीचं पाणी दुप्पट लागतं, जमीन चिभडते (पाणी धरून चिखलट होते), आणि आधीच ताणात असलेल्या झाडांना मूळकूज लागते. आठवड्याभरात पट्टेच्या पट्टे पिवळे. म्हणून नियम असा: भेगा पडण्याआधी पाणी, तेही हलकं, सरीतून, आणि काही तासांत निचरा होईल असं. पहिलं ३०-३५ दिवसांनी, दुसरं शक्य असेल तर ५५-६० दिवसांनी फुलोऱ्याच्या तोंडावर. ती वेळ टळली, भेगा रुंदावल्या, तर पाणी न देणं जास्त बरं. पीक जमिनीतल्या ओलीवर निघेल.

आणि विरळणी. उगवून आल्यावर १०-१५ दिवसांत दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर ठेवून बाकीची उपटा. जीवावर येतं, हिरवी रोपं उपटवत नाहीत. पण कोरडवाहूत जास्तीचं प्रत्येक झाड हे पाण्यातला वाटेकरी आहे.

तिफण

विरळणीबद्दल अगदी बरोबर. त्याच्या जोडीला कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणं. तीन कोळपण्या करा: पहिली पीक तीन आठवड्यांचं असताना फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. तण जातं हा एक फायदा. दुसरा म्हणजे वर दोन-तीन बोटं भुसभुशीत मातीचा थर तयार होतो, जमिनीतली ओल वर येण्याची वाट तुटते आणि भेगा बुजतात. करडईत तिसरी कोळपणी उशिरा करू नका, काटे धरल्यावर आत जाता येत नाही.

भुईमुगात मात्र आऱ्या सुटल्या की कोळपं बांधावर ठेवायचं. त्यानंतर माती हलवली की आऱ्या तुटतात.

काडीकचऱ्याचं आच्छादन मिळालं तर कोळपणीहून सरस, विशेषतः रुंद ओळींच्या सूर्यफुलात. भुईमुगात आच्छादन जाड नको, आरी मातीपर्यंत पोचली पाहिजे. प्लॅस्टिकचं घालायचं तर ७ मायक्रॉनचं पातळ, ते आऱ्या भेदून जातात. जाड प्लॅस्टिक मात्र त्यांना अडवतं.

बांधावरची

वाचनखूण साठवली आहे. माझा प्रश्न थोडा आधीचा आहे, पेरणीच्याही आधीचा. एक एकराला पुरेल एवढं पाणी आहे. मग एकच एकर पेरून पोटभर पाणी द्यावं की दीड एकर पेरून थोडं-थोडं द्यावं? घरात यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना उत्तर नाही.

मापात पाणी

ताई, याचं उत्तर पिकाप्रमाणे बदलतं, आणि ते काढता येतं. वर वापसा यांनी अवस्थांचे गुणांक दिले, तसे पूर्ण हंगामाचेही आहेत: भुईमूग ०.७, करडई ०.८, सोयाबीन ०.८५, सूर्यफूल ०.९५. तुलनेला मका १.२५.

एक एकराचं पाणी दीड एकराला वाटलं तर प्रत्येक झाडाला दोन तृतीयांश मिळालं, म्हणजे ३३ टक्के तूट. भुईमुगात ०.७ गुणिले ३३, म्हणजे साधारण २३ टक्के घट. एकरी ७७ टक्के, दीड एकराचे मिळून ११५. सूर्यफुलात घट ३१ टक्के, दीड एकराचे १०३. मक्यात ४१ टक्के घट, दीड एकराचे फक्त ८८. म्हणून मका पसरवायचा नाही, सूर्यफूल पसरवून काही हाती लागत नाही, आणि भुईमूग-करडई पसरवली तर एकूण उत्पादन वाढतं.

पण हा हिशोब तूट हंगामभर सारखी विभागली आहे असं धरून आहे. तुमची सगळी तूट नेमकी फुलोऱ्यात आली तर गणित कोसळतं. शिवाय जादा अर्ध्या एकराचं बियाणं, मजुरी, खत यात धरलेलं नाही. भुईमुगाला एकरी ४० ते ५० किलो दाणे लागतात, तो भार लहान नाही. माझा कल असा: करडई पसरवा, भुईमूग पसरवू नका.

आणि पाणी खरंच किती आहे हे मोजा. २०० लिटरचा पिंप मोटरखाली धरा. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,०४७ लिटर. ४० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे १ लाख ६२ हजार लिटर, अर्थात ९ तास. विहीर दिवसाला दोन तास चालत असेल तर एक एकराची एक पाळी व्हायला साडेचार दिवस. एवढं कळलं की घरातला वाद बराचसा मिटेल.

आऱ्या

भुईमूग न पसरवायला आणखी मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. काढणीआधीच्या ३ ते ६ आठवड्यांत जमीन कोरडी आणि तापलेली राहिली तर शेंगेत अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी शिरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालतं, कर्करोगाला कारण ठरतं. दाणे उन्हात वाळवून किंवा भाजून ते पुरेसं जात नाही. पेंडीतून जनावराच्या पोटात आणि तिथून दुधात उतरतं.

वर गुणांकात पक्व होण्याच्या काळाला ०.२ आहे, म्हणून "शेवटचं पाणी सोडलं तरी चालतं" असं कुणी समजू नये. वजनात फारसा फरक पडणार नाही, पण तो दाणा आपण मुलांना देणार आहोत. पाणी संपलंच तर ताणात वाळलेल्या भागाच्या शेंगा वेगळ्या काढा, चांगल्या मालात मिसळू नका. फुटक्या, किडक्या, सुरकुतलेल्या बाजूला करा आणि दाण्यातला ओलावा ८ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवा.

सरी आड सरी

तुषार-ठिबक सगळ्यांना शक्य नसतं. पाटानेच देणाऱ्यांनी एक सरी सोडून एक सरी भिजवावी आणि पुढच्या पाळीला कोरडी राहिलेली सरी घ्यावी. मुळाचा एक भाग कोरड्यात राहिला की तिथून पानांना संप्रेरकाचा इशारा जातो, पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) थोडी मिटतात, पाणी कमी उडतं, आणि दुसऱ्या बाजूच्या ओलीवर पीक तग धरतं. मध्यम ते भारी जमिनीत हे चांगलं जमतं कारण ओल आडवी पसरते. हलकी जमीन दादांनी करू नये, मुरमात पाणी सरळ खाली जातं, शेजारची ओळ कोरडीच राहील.

तुषारवाल्यांना दोन सूचना. सूर्यफूल फुललं असताना सकाळी तुषार लावू नका, परागकण धुऊन जातात आणि त्या वेळच्या मधमाश्याही फिरकत नाहीत. आणि विहीर तळाला गेली की पाणी बऱ्याचदा खारट होत जातं. असं पाणी भर उन्हात पानांवर पडलं की कडा करपतात, रात्री चालवा.

बांधावरची

पिंप लावला. हिशोब बघून एकरभरच ओलिताखाली घ्यायचं ठरलं, उरलेल्या अर्ध्यात ओलीवर करडई. एकरात सूर्यफूल घ्यावं असं चाललंय. तीन पाळ्या जमतील. कुठे वापरू?

काळी कसदार

ताई, पेरणी ओलीवरच करा, ती पाळी यात धरू नका. मग कळी धरताना एक, फुलताना एक, दाणा भरताना एक. सूर्यफुलाच्या फुलात किती दाणे बसणार हे कळी अगदी लहान असतानाच ठरून जातं, आपल्याला बाहेरून ती बटणाएवढीही दिसत नसते. तेव्हा ताण बसला तर नंतर कितीही पाणी देऊन फूल मोठं होत नाही. फुलताना ताण बसला तर मधला भाग पोचट राहतो. तिन्हींतली एक सोडायचीच वेळ आली तर फुलतानाची सोडू नका. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या आल्या नाहीत तर पाणी देऊनही दाणे भरणार नाहीत.

मोहरीचं कुणी विचारलं नाही म्हणून थोडक्यात: एकच पाळी असेल तर फुलोऱ्याच्या तोंडावर, दुसरी मिळाली तर शेंगा भरताना. तिळाला ताण चालतो, साचलेलं पाणी चालत नाही. एक दिवस पाणी तुंबलं तरी तीळ कोलमडतो.

तिफण

फवारण्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. पावसाचा खंड लांबला किंवा पाळी चुकली तर १ टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, संध्याकाळी फवारता येतं. त्यातलं पालाश (पोटॅशियम) पर्णरंध्रांची उघडझाप सांभाळतं. पण याने थोडी सवड मिळते, पाण्याची जागा भरून निघत नाही. पीक पूर्ण कोमेजल्यावर मारलं तर पैसे आणि श्रम दोन्ही वाया.

हलकी जमीन

सळई करून घेतली. वरच्या टोकाला सहज जाते, खालच्या टोकाला चार बोटांवर अडते. म्हणजे अर्ध्या वाफ्याला पाणी जास्त होत होतं आणि अर्धा उपाशी होता. वाफे आखूड केले, तुषार संच भाड्याने बघतोय. एकच शंका उरली: काढणीआधी जमीन दगडासारखी होते, उपटताना शेंगा आतच राहतात. तेव्हा पाणी द्यावं का?

आऱ्या

द्या, पण शेंगा तयार झाल्यावरच आणि हलकं. चार-पाच झाडं उपटून शेंगा फोडा. बहुतेक टरफलांची आतली बाजू काळपट झाली असेल तर तयार. मग पाणी देऊन वापसा आला (माती ना चिखल, ना कोरडी झाली) की दोन-तीन दिवसांत सगळं उपटून घ्या. माणसं आधी ठरवा आणि मग मोटर सुरू करा, कारण उपट्या (न पसरता झुडपासारख्या उभ्या वाढणाऱ्या) वाणांच्या दाण्याला सहसा सुप्तावस्था, म्हणजे न उगवता थांबण्याचा काळ, नसते. पक्व शेंग ओल्या जमिनीत राहिली तर जागेवरच कोंब येतात.